इंजिन तेलाची उपमार्गी गाळणी : नागपूर व विदर्भातील मोटार वाहतुकीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मोटारीच्या इंजिनातील वंगणतेलाचा काही अंश वेगळ्या वाटेने नेऊन तो सूक्ष्म गाळणीतून हळूहळू गाळण्याच्या पद्धतीला 'उपमार्गी गाळण' किंवा रूढ भाषेत 'बायपास फिल्टर' असे म्हणतात. खासगी मोटारीला अशी गाळणी स्वतंत्रपणे बसवून घेणे ही आज हौशी मोटारधारकांची नवी कल्पना समजली जाते. प्रत्यक्षात मोटारीवरील तेलगाळणीचा इतिहास याच पद्धतीने सुरू झाला. भारतात ती जीपबरोबर आली, पुढे प्रवासी मोटारींतून मागे पडली आणि जड डिझेल यंत्रांत टिकून राहिली. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचा नागपूर व विदर्भाच्या संदर्भात आढावा घेतला आहे. उपमार्गी गाळणीची उपयुक्तता केवळ गाळणीच्या सूक्ष्मतेवर नव्हे, तर तिच्याभोवती असणाऱ्या नोंद, तपासणी व जबाबदारीच्या व्यवस्थेवर अवलंबून राहिली, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : वंगणतेल, उपमार्गी गाळणी, डिझेल इंजिन, एस.टी., कोळसा खाणी, वापरलेले तेल, नागपूर.

प्रस्तावना

नागपूर हे देशातील महत्त्वाच्या महामार्गांचे मिलनस्थान आहे. हजिरा-कोलकाता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि वाराणसी-कन्याकुमारी हा क्रमांक ७ या शहरापाशी एकमेकांना छेदत. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ते अनुक्रमे ५३ व ४४ या क्रमांकांनी ओळखले जातात. या भौगोलिक स्थानामुळे मालवाहतूक, वाहनदुरुस्ती आणि सुट्या भागांचा व्यापार हा नागपूरच्या अर्थजीवनाचा मोठा भाग बनला. अमरावती मार्गावरील वाडी परिसर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मात्र मोटार वाहतुकीचा इतिहास लिहिताना मार्ग, भाडे, परवाने आणि राष्ट्रीयीकरण यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. वाहन चालू ठेवणाऱ्या दैनंदिन तंत्राकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. इंजिनाचे तेल केव्हा बदलावे, ते कसे स्वच्छ ठेवावे आणि इंजिनाचे 'काम' किती किलोमीटरनंतर निघावे, हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात. परंतु वाहनमालकाचा नफा, प्रवाशांची सोय, परकीय चलनाची बचत आणि जमीन-पाण्याचे प्रदूषण या चारही गोष्टी त्यांच्याशी निगडित आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. उपमार्गी गाळण पद्धतीचा उगम व तिच्यातील स्थित्यंतरे समजून घेणे.
२. नागपूर व विदर्भातील मोटार वाहतूक आणि खाणकाम यांच्या संदर्भात या पद्धतीचे स्थान तपासणे.
३. खासगी मोटारीला अशी गाळणी बसविण्याच्या आजच्या प्रयत्नांचे इतिहासाच्या आधारे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

वंगणाची परंपरा आणि मोटारीचे नवे प्रश्न

'वंगण' हा शब्द मराठीत मोटारीबरोबर आला नाही. बैलगाडीच्या आसाला लावावयाच्या तेलकट लेपाला वंगण म्हणत आणि तेच नाव पुढे यंत्रातील तेलाला मिळाले. परंतु गाडीच्या आसाचे वंगण आणि इंजिनातील वंगण यांत मूलभूत फरक आहे. आसाचे वंगण वापरून संपते आणि पुन्हा लावले जाते. इंजिनातील तेल मात्र पंपाच्या साहाय्याने त्याच त्या वाटांनी फिरत राहते. ते बेअरिंग, पिस्टन व कॅमशाफ्टपर्यंत जाऊन पुन्हा तळाच्या चेंबरमध्ये जमा होते. या फेऱ्यांत त्यात धातूचा चुरा, ज्वलनातून येणारी काजळी, न जळालेले इंधन, पाणी आणि हवेतील धूळ मिसळते. घर्षण कमी करण्यासाठी घातलेले तेलच अशा वेळी घासणाऱ्या द्रव्याचे वाहक बनते.

सुरुवातीच्या मोटारींत यावर एकच उपाय होता, तो म्हणजे तेल वरचेवर बदलणे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्ग यांनी १९२३ मध्ये मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली. 'नंतरही शुद्ध तेल' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून तिला 'प्युरोलेटर' हे नाव मिळाले. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीवर तेलगाळणी मूळ रचनेचाच भाग म्हणून आली. ही आरंभीची गाळणी उपमार्गी स्वरूपाची होती. पंपाने उचललेले बहुतेक तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाई आणि त्याचा थोडा अंश गाळणीतून चेंबरमध्ये परत येई.

उपमार्गी पद्धतीचे तंत्र

सर्व तेल गाळूनच बेअरिंगांना द्यायचे झाल्यास गाळणीची छिद्रे फार बारीक ठेवता येत नाहीत, अन्यथा तेलाचा पुरवठा अडतो. म्हणून पूर्णप्रवाही गाळणी साधारणपणे २० ते ४० मायक्रॉन आकाराचे कण अडविण्याच्या बेताने बनविली जाते. मानवी केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. परंतु बेअरिंगमधील तेलाचा थर पुष्कळदा काही मायक्रॉनच असतो. त्यामुळे याच आकाराचे कण दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी भिडून झीज घडवितात, तर त्याहून मोठे कण त्या फटीत शिरतच नाहीत.

उपमार्गी गाळणीवर पुरवठ्याची जबाबदारी नसते. पंपाच्या एकूण प्रवाहापैकी सुमारे पाच ते दहा टक्के तेल अरुंद छिद्रातून तिच्याकडे वळविले जाते. कापूस, सेल्युलोज किंवा घट्ट गुंडाळलेला कागद यांच्या जाड थरातून ते संथपणे झिरपते. त्यामुळे काही मायक्रॉनपर्यंतचे कणही अडतात आणि सेल्युलोजच्या थरात थोडेफार पाणीही शोषले जाते. प्रवाह अल्प असला तरी तो अखंड असतो, म्हणून काही काळात चेंबरमधील सर्व तेल या वाटेने जाऊन येते. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून प्रसिद्ध झालेल्या फ्रांट्झ गाळणीत तर शौचालयातील कागदाची गुंडाळीच गाळणीचा गाभा म्हणून वापरली जाई.

जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखविण्यात आले. हा अभ्यास आजही सूक्ष्म गाळणीच्या समर्थनार्थ पुढे केला जातो. मात्र अशा चाचण्या झीज त्वरेने घडवून आणणाऱ्या कठोर परिस्थितीत केल्या जातात. त्यावरून रोजच्या वापरातील मोटारीचे आयुष्य तितक्याच पटींनी वाढेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

जीप : भारतातील पहिली ओळख

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर अशीच उपमार्गी गाळणी होती. इंजिनाच्या बाजूस बसविलेल्या दंडगोल डब्यात एका नळीने तेल येई आणि दुसऱ्या नळीने ते परत जाई. युद्धानंतर लष्कराची शिल्लक वाहने विक्रीस निघाली आणि 'डिस्पोजल'च्या गाड्या म्हणून त्या नागरी जीवनात आल्या. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. कच्च्या रस्त्यांच्या विदर्भात शासकीय दौरे, जंगलखाते आणि मोठी शेती यांच्यासाठी जीप हे सोयीचे वाहन ठरले.

येथील हवामान आणि जमीन ही तेलाची कसोटी पाहणारी होती. नागपूरचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तेल पातळ होऊन त्याचा दाब उतरतो. काळ्या रेगडीची आणि मुरमाड रस्त्यांची धूळ उन्हाळ्याचे अनेक महिने हवेत असते. ही धूळ तेलात येते ती मुख्यत्वे हवेच्या वाटेने. म्हणूनच जीप व ट्रॅक्टर यांना हवेसाठी तेलाच्या वाटीची गाळणी असे आणि ती वेळेवर साफ करणे हे तेलाच्या गाळणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे होते.

उपमार्गी गाळणीचे एक वैशिष्ट्य या काळातच स्पष्ट झाले. ती पूर्ण तुंबली तरी इंजिन चालतच राहते. तेलाच्या काट्यावर फरक दिसत नाही, आवाज बदलत नाही, चालकाला काहीच कळत नाही. इंजिन तापल्यावर गाळणीच्या डब्याला हात लावून पाहणे ही जुन्या मिस्त्रींची साधी परीक्षा होती. डबा गरम लागला तर तेल वाहत आहे, गार लागला तर वाट बंद आहे, असे समजावे. ज्याच्याकडे असा मिस्त्री किंवा गाळणी बदलल्याची तारीख लिहिलेली वही नव्हती, त्याच्या वाहनावरील गाळणी हा केवळ एक लोखंडी डबा उरत असे.

पूर्णप्रवाही गाळणीचा उदय

महायुद्धानंतर प्रवासी मोटारींत पूर्णप्रवाही गाळणीचा प्रसार झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून आट्यावर फिरवून बसविण्याची डबाबंद गाळणी उपलब्ध झाली आणि गाळणी बदलण्याचे काम काही मिनिटांवर आले. यामागे आणखी एक कारण होते. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून डिझेल इंजिनांसाठी, आणि पुढे सर्वच इंजिनांसाठी, तेलात मळ विरघळवून तरंगत ठेवणारी रासायनिक द्रव्ये मिसळली जाऊ लागली. विशिष्ट प्रकारची माती भरलेल्या काही जुन्या उपमार्गी गाळण्या मळाबरोबर ही द्रव्येही शोषून घेत. ज्या गाळणीने तेलाचे आयुष्य वाढवायचे, तीच तेल निकामी करू लागली. कागद व सेल्युलोजच्या गाळणीत हा दोष नव्हता, परंतु उपमार्गी पद्धतीच्या लौकिकाला त्यामुळे बाध आला.

प्रवासी मोटारीच्या बाबतीत उत्पादकांचा हिशोब सोपा होता. इंजिन लहान, तेल तीन-चार लिटर आणि वापर मर्यादित. अशा वाहनात महागडी दुहेरी गाळण व्यवस्था देण्यापेक्षा ठरावीक अंतराने तेल व गाळणी बदलण्याची सूचना पुस्तिकेत छापणे स्वस्त पडे. दुचाकीच्या क्षेत्रात वेगळी वाट निघाली. १९८५ मध्ये भारतात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० च्या इंजिनात कागदी गाळणीऐवजी फिरत्या चाकातील केंद्रोत्सारी बलाने मळ बाजूला टाकण्याची सोय होती.

एस.टी. आणि नोंदीची संस्कृती

तेलाचा प्रश्न एका वाहनापुरता न राहता ताफ्याचा झाला, तेव्हा त्याचे स्वरूप बदलले. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भातील प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस आणि मराठवाड्यातील राज्य परिवहन सेवा मुंबई राज्याच्या परिवहन महामंडळात समाविष्ट झाल्या. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा हे या महामंडळाच्या तांत्रिक व्यवस्थेचे तीन आधारस्तंभ होत.

याच काळात बस व मालमोटारींत पेट्रोलची जागा डिझेलने घेतली. १९५४ मध्ये जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. डिझेल इंजिनाच्या ज्वलनात काजळी अधिक निर्माण होते आणि ती तेलात उतरते. नवे तेल घातल्यावर थोड्याच अंतरात ते काळे दिसू लागते, ते यामुळेच. ब्रिटनमध्ये ग्लेशियर मेटल कंपनीने १९५० च्या दशकात केंद्रोत्सारी तेलशोधक प्रचारात आणला. तेलाच्याच दाबाने अतिवेगाने फिरणाऱ्या पात्रात काजळी व धातूचे कण कडेला घट्ट थराच्या रूपाने साचत. हीसुद्धा उपमार्गी पद्धतच होती आणि जड डिझेल इंजिनांत ती दीर्घकाळ टिकली.

एस.टी.सारख्या उपक्रमाचे खरे वैशिष्ट्य मात्र उपकरणात नव्हे, तर कार्यपद्धतीत होते. आगारात प्रत्येक गाडीची देखभाल ठरावीक टप्प्यांनी होई. डिझेलप्रमाणेच इंजिन तेलाच्या वापराचीही किलोमीटरशी तुलना केली जाई. एखाद्या गाडीला वरून घालावे लागणारे तेल वाढले, तर इंजिनाची झीज झाल्याचे ते पहिले लक्षण ठरे. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेने अशा तुलनेला देशपातळीवर अभ्यासाचे रूप दिले. एका गाडीचा अनुभव हा योगायोग असू शकतो, शेकडो गाड्यांची नोंद हे ज्ञान असते. तेल किती काळ वापरावे या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदीतूनच मिळू शकत होते.

कोळसा खाणी आणि मोठी इंजिने

विदर्भात उपमार्गी गाळणीला सर्वाधिक अनुकूल क्षेत्र सापडले ते कोळसा खाणींत. कोल इंडियाची उपकंपनी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. उमरेड, वणी व चंद्रपूर परिसरातील खुल्या खाणींत मोठे डम्पर व उत्खनन यंत्रे माती व कोळसा हलवीत असतात. भारतीय खाणींतील अशा अनेक डम्परांवर पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीची इंजिने होती. कमिन्सच्या मोठ्या इंजिनांवर पूर्णप्रवाही गाळणीच्या जोडीला स्वतंत्र उपमार्गी गाळणी कारखान्यातूनच दिलेली असे.

याचे कारण आर्थिक आहे. अशा मोठ्या इंजिनाच्या चेंबरमध्ये शंभर लिटरांहून अधिक तेल असू शकते. इंजिन दिवसातील बहुतांश तास चालते आणि ते बंद पडल्यास खाणीचे उत्पादन अडते. तेथे गाळणीचा खर्च नगण्य ठरतो. शिवाय खाणीतील यंत्राचा हिशोब किलोमीटरवर नव्हे, तर चालू तासांवर ठेवला जातो. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून त्यातील लोह, तांबे व सिलिकॉनचे प्रमाण पाहण्याची पद्धतही अशा मोठ्या यंत्रांच्या देखभालीतच विशेष रुजली. लोह वाढले तर सिलिंडरची झीज, तांबे वाढले तर बेअरिंगची झीज आणि सिलिकॉन वाढले तर बाहेरील धुळीचा शिरकाव असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

तेलटंचाई आणि काटकसरीचे धोरण

ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काळात खनिज तेलाची किंमत पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेली. वंगणतेल हे खनिज तेलापासूनच मिळत असल्याने त्याची काटकसर हा राष्ट्रीय प्रश्न बनला. १९७४ मध्ये एस्सो व ल्यूब इंडिया यांच्या एकत्रीकरणातून हिंदुस्तान पेट्रोलियम आकारास आली आणि मुंबईतील वंगणतेलाचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्राकडे आले. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. इंधनबचतीच्या प्रचारात तिने गाडीचा वेग, टायरमधील हवा व इंजिनाची निगा यांवर भर दिला.

या प्रचाराचा रोख प्रामुख्याने इंधनावर होता आणि ते स्वाभाविकही होते, कारण इंधनाच्या तुलनेत वंगणाचा वापर अत्यल्प असतो. यामुळे तेलाचे आयुष्य वाढविण्याचा प्रश्न मोठ्या संस्थांच्या कार्यशाळांपुरता राहिला. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये 'तेल काळे झाले की बदला' आणि 'उन्हाळ्यात चाळीस नंबरचे घाला' हेच नियम चालत राहिले.

खासगी मोटार आणि स्वतंत्र जोडणी

या पार्श्वभूमीवर खासगी मोटारीला उपमार्गी गाळणी बसविण्याच्या आजच्या प्रयत्नांकडे पाहता येते. जोडणीची रचना जुन्या जीपसारखीच असते. तेलदाब दर्शविणारा स्विच काढून तेथे तिहेरी जोड बसवितात किंवा मूळ गाळणीखाली मधली तबकडी घालून तेल घेतले जाते. उच्च दाब व उष्णता सोसणाऱ्या नळीने ते इंजिनकक्षातील स्वतंत्र गाळणीकडे जाते. वाटेत दीड ते दोन मिलिमीटरचे नियंत्रक छिद्र असते. गाळलेले तेल वरच्या झाकणातून किंवा चेंबरला केलेल्या जोडातून परत येते. गाळणी व नळ्या भरण्यासाठी लागणारे जादा तेल मोजून घालावे लागते. इंजिन सुरू करून सर्व जोड तपासावे लागतात आणि बंद केल्यावर पातळी पुन्हा पाहावी लागते.

यातील धोके स्पष्ट आहेत. नळी घासून फुटली तर काही क्षणांत तेल बाहेर फेकले जाते आणि इंजिन जाम होते. तप्त भागावर तेल पडल्यास आगीचाही संभव असतो. नियंत्रक छिद्र मोठे असेल, तर झिजलेल्या इंजिनाचा दाब विशेषतः मंद गतीत उतरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात वाहतुकीच्या खोळंब्यात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात तेलगाळणीचा उल्लेख नसतो, परंतु हमीच्या मुदतीतील इंजिनात असा बदल केल्यास उत्पादक जबाबदारी नाकारू शकतो.

आर्थिक बाजू उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादी मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालते, तिच्यात ४ लिटर तेल मावते आणि ते दर १०,००० किलोमीटरला बदलले जाते असे मानल्यास तिला वर्षाला सुमारे ४.८ लिटर तेल लागेल. बदलाचे अंतर दुप्पट केले तरी बचत २.४ लिटरचीच होईल. याउलट वर्षाला १,००,००० किलोमीटर धावणाऱ्या आणि दर २०,००० किलोमीटरला १५ लिटर तेल बदलणाऱ्या मालमोटारीला वर्षाला ७५ लिटर तेल लागेल आणि अंतर दुप्पट केल्यास ३७.५ लिटर वाचतील. गाळणी एकच, परंतु तिचे मोल वापरानुसार सुमारे पंधरा पटींनी बदलते.

शिवाय गाळणी कण अडविते, तेलाचे रसायन पूर्ववत करीत नाही. तेलात मिसळलेले इंधन, वाढती आम्लता आणि खर्च झालेली रासायनिक द्रव्ये यांवर तिचा इलाज नाही. म्हणून तेल दीर्घकाळ वापरायचे तर त्याची प्रयोगशाळेत तपासणी अनिवार्य ठरते. अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून सुमारे तीन वर्षे कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या डिझेल बस व काही पेट्रोल मोटारींना उपमार्गी गाळणी बसवून प्रयोग केला. बसच्या बाबतीत नव्या तेलाची गरज मोठ्या प्रमाणात घटली. परंतु तेथे प्रत्येक वाहनाच्या तेलाचे नमुने नियमित तपासले जात होते आणि ते बदलण्याचा निर्णय त्यावरून घेतला जात होता. चार लिटर तेल वाचविण्यासाठी वारंवार नमुना पाठविणे खासगी मोटारधारकाला परवडत नाही, आणि नमुना न तपासता तेल चालू ठेवणे इंजिनाला परवडत नाही.

वापरलेल्या तेलाचा प्रश्न

तथापि या विषयाला केवळ मालकाच्या नफ्यातोट्याच्या मापाने मोजणे अपुरे ठरेल. इंजिनातून काढलेले जळके तेल बांधकामावरील सेंट्रिंगच्या पाट्यांना लावणे, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासणे, भट्टीत जाळणे किंवा सरळ नालीत सोडणे हे प्रकार सर्वपरिचित आहेत. अशा तेलात जड धातू व ज्वलनातून आलेली अपायकारक संयुगे असतात. १९८९ च्या घातक कचरा नियमांपासून भारतात या प्रश्नाला कायद्याची चौकट मिळाली आणि २००८ व २०१६ च्या नियमांनी ती अधिक विस्तृत केली. न्हावा शेवा बंदरात वंगणतेलाच्या नावाखाली आलेल्या टाकाऊ तेलाचे १३३ कंटेनर जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००५ मध्ये दिला. त्या प्रकरणाने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे गांभीर्य उघड केले. वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे.

न बदललेले प्रत्येक लिटर तेल म्हणजे निर्माण न झालेला एक लिटर कचरा होय. या दृष्टीने तेलाचे आयुष्य वाढविणारे कोणतेही सुरक्षित तंत्र समाजाच्या हिताचे ठरते. परंतु हा लाभ समाजाला मिळतो आणि खर्च मात्र एकट्या मालकाला करावा लागतो. म्हणूनच वैयक्तिक मोटारीपेक्षा बस, मालमोटारी, खाणींतील यंत्रे व शासकीय ताफे यांत असे तंत्र राबविणे अधिक फलदायी ठरते.

निष्कर्ष

१. उपमार्गी गाळणी हे नवे साधन नसून मोटारीवरील तेलगाळणीचे मूळ रूप आहे. भारतात तिची ओळख प्रामुख्याने जीपद्वारे झाली.

२. प्रवासी मोटारीतून ती मागे पडली याचे कारण तिची निरुपयोगिता नव्हे. कमी तेल, मर्यादित वापर आणि बदलण्यास सोपी गाळणी यांमुळे तिची आर्थिक गरज उरली नाही.

३. जड डिझेल यंत्रांत ती टिकली, कारण तेथे तेलाचे प्रमाण मोठे होते आणि नोंद, नियतकालिक तपासणी व जबाबदार कार्यशाळा ही व्यवस्था उपलब्ध होती.

४. खासगी मोटारधारक गाळणी विकत घेऊ शकतो, तिच्याभोवतीची ही व्यवस्था विकत घेऊ शकत नाही. हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलणे, बदलाची नोंद ठेवणे आणि जळके तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणे हे त्याच्या दृष्टीने अधिक निश्चित फळ देणारे मार्ग आहेत.

मे २०१७ मध्ये नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा उपक्रम सुरू झाला. १ जून २०२२ रोजी, पहिल्या एस.टी.ने जोडलेल्या त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरील बस धावली. या वाहनांच्या चेंबरमध्ये बदलावयाचे इंजिन तेलच नाही. परंतु विदर्भातील ट्रॅक्टर, मालमोटारी व डम्पर यांची डिझेल इंजिने एका दिवसात नाहीशी होणार नाहीत. ती चालू ठेवणाऱ्या मिस्त्रींचे हातातले ज्ञान आणि आगारांतील नोंदवह्या हा प्रादेशिक इतिहासाचा ऐवज आहे. गरम डब्यावर हात ठेवून तेलाची वाट ओळखणारी पिढी मागे पडत असताना त्याचे जतन व अभ्यास होणे आवश्यक आहे.